राजाची शिकार आणि पारध्याचा फास

१८७१ या एकाच वर्षी ब्रिटिश सत्तेने दोन गोष्टी स्वीकारल्या. त्या वर्षी मार्टिनी-हेन्री ही एकबारी रायफल ब्रिटिश लष्कराच्या हाती आली आणि त्याच वर्षी हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा मंजूर झाला. रायफलीत एका वेळी एकच काडतूस बसे. खटका खाली ओढावा, काडतूस सरकवावे, बार काढावा आणि पुन्हा तेच करावे. हीच यंत्रणा पुढे शिकारी रायफलींतही आली. रानडुकरासमोर किंवा वाघासमोर असे हत्यार घेऊन उभे राहणाऱ्याला पहिलाच बार अचूक लागावा लागे. चुकला तर दुसऱ्यासाठी सवड मिळेलच असे नव्हते. या शिकारीला मर्दानी खेळाची प्रतिष्ठा मिळाली. कायद्याने मात्र पिढ्यान्‌पिढ्या शिकारीवर जगणाऱ्या अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. १८७८ च्या शस्त्र कायद्याने बंदुकीला परवान्याची अट घातली आणि त्याच वर्षीच्या वन कायद्याने जंगलावर सरकारी पहारा बसविला. साहेबाची आणि संस्थानिकाची ती शिकार आणि पारध्याची ती चोरी, अशी विभागणी यातून रूढ झाली. तिच्यातील अन्याय ओळखणारा माणूस स्वतः अट्टल शिकारी होता. तो म्हणजे कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज.

कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव यांचा जन्म १८७४ चा. १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेल्यावर ते शाहू छत्रपती झाले. राजकोटच्या राजकुमार महाविद्यालयात आणि नंतर धारवाड येथे स्टुअर्ट फ्रेझर यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली. धिप्पाड देह, घोड्यावरील मांड आणि कुस्तीचा षौक या सर्वांबरोबर शिकारीचे वेड त्यांना तरुणपणीच जडले होते. घोडा फेकीत भाल्याने रानडुक्कर मारण्याचा खेळ त्यांना प्रिय होता. कोल्हापुरातील साठमारीचे मैदान आजही त्यांच्या हत्तीषौकाची साक्ष देत उभे आहे.

काळविटाच्या शिकारीसाठी कोल्हापूर दरबारात चित्ते पाळले जात. डोळ्यांवर टोपी घातलेला चित्ता गाडीतून माळावर नेत. कळप टप्प्यात आला की टोपी काढून त्याला सोडीत. हा प्राणीही एका अर्थाने एकबारीच. त्याची धाव काही शे यार्डांची असते. तेवढ्यात सावज हाती लागले नाही तर तो नाद सोडून देतो. म्हणून चित्तेवानाला वारा, अंतर आणि कळपाची चाल यांचा अचूक अंदाज असावा लागे. चित्ते जिवंत धरण्याची, त्यांना माणसाळविण्याची आणि हरणाचा माग काढण्याची विद्या पदवीधरांजवळ नव्हती. ती फासेपारध्यांसारख्या लोकांजवळ होती.

येथेच महाराजांच्या शिकारीला वेगळे वळण लागते. अन्य संस्थानिकांच्या शिकारीत पाहुणे, तंबू आणि छायाचित्रे यांचे महत्त्व मोठे असे. महाराजांची शिकार म्हणजे राजवाड्याबाहेरची शाळाच होती. पन्हाळा, दाजीपूर, राधानगरी या भागांत हिंडताना ते धनगराच्या आणि शेतकऱ्याच्या घरची भाकरी खात व त्यांची गाऱ्हाणी थेट ऐकत. कचेरीतील कागदावर जे कधीच उमटत नसे ते माळावर दिसे. जनावराच्या मागावर निघालेल्या या राजाला वाटेत माणसे भेटली, आणि त्या माणसांत पारधीही होते.

पारध्याची स्थिती काय होती? त्याच्याजवळ जमीन नव्हती, परवान्याची बंदूक नव्हती. होता तो फास आणि पिढीजात कसब. जंगल राखीव झाले, माळरान नांगराखाली गेले, सावज घटले. उत्पन्नाचे साधन हिरावून घेतल्यावर पोट भरण्याचे जे मार्ग उरतात त्यांत चोरी हा एक असतो. चोरी झाली की संशय साऱ्या जमातीवर येई. संशय आला की काम मिळत नसे. काम नाही म्हणून पुन्हा चोरी. या चक्रावर सरकारी उपाय होता हजेरीचा. ठरलेल्या वेळी पोलीस पाटलासमोर उभे राहून आपण पळून गेलेलो नाही याचा पुरावा द्यायचा. सतत हजेरीला बांधलेला माणूस परगावी मजुरीला जाणार कसा, हा साधा हिशेब त्या उपायात धरलेलाच नव्हता.

महाराजांनी तो हिशेब उलट बाजूने मांडला. १९१८ मध्ये त्यांनी आपल्या संस्थानातील हजेरीची पद्धत बंद केली. पण केवळ मोकळीक देऊन ते थांबले नाहीत. पारध्यांना राहायला जागा दिली, बांधकामावर मजुरी दिली आणि सोनतळी येथील आपल्या मुक्कामाच्या जागी त्यांनाच पहाऱ्यावर नेमले. ज्यांच्या भीतीने गावे दारे लावून घेत, त्यांच्या पहाऱ्यात राजा निर्धास्त झोपू लागला. १९०२ मधील राखीव जागांचा निर्णय आणि १९१७ मधील सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम यांचा उल्लेख नेहमी होतो. सोनतळीच्या पहाऱ्याचा क्वचितच होतो. वस्तुतः तिन्हींच्या मुळाशी एकच विचार आहे. संधी नाकारून माणसाला नालायक बनवायचे आणि मग नालायक म्हणून संधी नाकारायची, हा व्यवहार त्यांना अमान्य होता.

महाराजांच्या शिकारीला खर्चाची आणि हौसेची बाजू होती, हे नाकारण्याचे कारण नाही. राखीव रानावरचा राजाचा हक्क हा प्रजेच्या हक्कातून वजा केलेला असतो. दरबारी शिकारींनी वन्य प्राण्यांची संख्या घटविली, हेही खरे. पुढे पुढे हिंदुस्थानातील चित्ते इतके विरळ झाले की कोल्हापूरसारख्या संस्थानांना ते आफ्रिकेतून आणावे लागले. ६ मे १९२२ रोजी, वयाच्या अट्ठेचाळिसाव्या वर्षी, महाराजांचे मुंबईत निधन झाले.

त्यांच्या मार्गाचे मोल कळण्यासाठी सोलापूरकडे पाहावे. ब्रिटिश अमलात येथे गुन्हेगार ठरविलेल्या जमातींसाठी काटेरी तारांची वसाहत उभारली गेली. तिला आजही सेटलमेंट म्हणतात. तेथील माणसे गिरण्यांत कामाला जात आणि परत हजेरीला उभी राहत. काम कोल्हापुरातही दिले गेले आणि सोलापुरातही. फरक विश्वासाचा होता. एकीकडे पारध्याच्या हाती पहारा सोपविला गेला, दुसरीकडे पहारा त्याच्यावरच बसविला गेला. स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. योगायोग असा की भारतातून चित्ता नष्ट झाल्याची घोषणाही १९५२ मधलीच.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार सर्वांसाठीच बंद झाली आणि ते योग्यच झाले. सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात १९७९ मध्ये माळढोकांसाठी अभयारण्य झाले. दाजीपूरच्या दरबारी शिकारीच्या रानाला १९५८ मध्येच तो दर्जा मिळाला होता. राजाची शिकार थांबली तेव्हा त्याच्या ताटातले काही कमी झाले नाही. पारध्याचा फास सुटला तेव्हा मात्र त्याची चूल विझली, आणि गुन्हेगारीचा शिक्का मात्र कायदा रद्द होऊनही पुसला गेला नाही. २०२२ मध्ये परदेशातून चित्ते आणून मध्य प्रदेशातील कुनोच्या रानात सोडण्यात आले. हरवलेले जनावर परत आणण्यासाठी राष्ट्र एवढा खटाटोप करू शकते. मग त्या जनावराची चाल जाणणाऱ्या माणसाच्या वंशजांना शाळा, जमीन आणि संशयावाचून मिळणारी मजुरी देण्यास अडचण कोणती? शंभर वर्षांपूर्वी एका शिकाऱ्याने हा प्रश्न आपल्या कृतीने सोडवून दाखविला होता. दरवर्षी २६ जूनला त्याच्या पुतळ्यांना हार घालणाऱ्यांनी निदान या प्रश्नाला बगल देऊ नये.