रोगजंतूंशी झुंजणारे हाफकिन

मुलांनो, रोगजंतू इतके लहान असतात की ते नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत. तरीही ते एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे, एका गावातून दुसऱ्या गावात जाऊन पोहोचतात. ते कसे पोहोचतात? शरीरात शिरल्यावर काय करतात? त्यांना थोपवावे कसे? अशा प्रश्नांपायी ज्या शास्त्रज्ञांनी आपले आयुष्य वेचले, त्यांच्यापैकी एक होते डॉ. वाल्देमार हाफकिन. त्यांच्या आयुष्यात तीन रोग आले. पटकी आणि प्लेग यांच्याशी लढायला ते स्वतः पुढे झाले. तिसरा रोग धनुर्वात. तो मात्र न बोलावता आला आणि त्याने त्यांचे नावच पणाला लावले.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठावरील ओडेसा या शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते. आज ते युक्रेन देशात आहे. तेथील विद्यापीठात त्यांना मेचनिकॉफ हे थोर गुरू लाभले. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी रोगजंतूंना गिळून टाकतात, हे पुढे याच मेचनिकॉफ यांनी जगाला दाखवून दिले. हाफकिन हुशार होते, मेहनती होते. पण धर्म बदलल्याशिवाय त्यांना विद्यापीठात प्राध्यापकाची जागा मिळणार नव्हती. त्यांनी धर्म बदलला नाही, देश सोडला. १८८८ मध्ये ते स्वित्झर्लंडला गेले आणि पुढच्या वर्षी पॅरिसला पाश्चर संस्थेत आले. तेथे काम मिळाले ते ग्रंथालयात. दिवसा पुस्तके सांभाळावीत आणि उरलेल्या वेळात प्रयोग करावेत, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

त्या काळी पटकीने जगभर थैमान घातले होते. पटकी म्हणजे कॉलरा. उर्दूत तुम्ही त्याला हैजा म्हणता. हा रोग कसा होतो ते पाहा. पटकीचे जंतू दूषित पाण्यातून किंवा अन्नातून पोटात जातात. लहान आतड्याच्या अस्तराला चिकटून ते वाढतात आणि एक विष सोडतात. हे जंतू आतडे कुरतडत नाहीत. त्यांच्या विषामुळे आतड्याच्या पेशीच शरीरातील पाणी आणि क्षार बाहेर टाकू लागतात. हे विषाचे कोडे पुढे १९५९ मध्ये कोलकात्याचे शास्त्रज्ञ डॉ. शंभुनाथ डे यांनी उलगडले. रोग्याला पेजेच्या पाण्यासारखे जुलाब होतात. वेळेवर उपचार झाला नाही, तर काही तासांतच त्याचे प्राण जाऊ शकतात. आता यातली खरी मेख लक्षात घ्या. त्या जुलाबातून कोट्यवधी जंतू बाहेर पडतात. ते विहिरीत किंवा तलावात मिसळले, की दुसऱ्या माणसाच्या पेल्यात जाऊन पोहोचतात. ज्या जुलाबांनी माणूस मरतो, तेच जुलाब जंतूंना पुढच्या माणसापर्यंत नेतात.

हाफकिन यांनी या जंतूंपासून लस तयार केली. लस टोचली की शरीर त्या जंतूला ओळखायला शिकते आणि खरा हल्ला होण्यापूर्वीच तयार राहते. पण नव्या लसीचा पहिला प्रयोग कोणावर करायचा? १८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले, पण ते लवकरच बरे झाले.

पटकीचे घर म्हणून त्या वेळी हिंदुस्थान ओळखला जाई. म्हणून १८९३ मध्ये हाफकिन येथे आले. आग्रा, कोलकाता आणि इतर अनेक गावी ते फिरले. लोक सुईला भीत. हाफकिन यांनी कोणावर सक्ती केली नाही. कोलकात्याच्या एका वस्तीत १८९४ मध्ये सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. पुढे तेथे पुन्हा पटकी आली, तेव्हा दगावले ते लस न घेतलेले. अशा रीतीने दोन-अडीच वर्षांत त्यांनी सुमारे ४२ हजार लोकांना लस टोचली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग आला. यालाच उर्दूत ताऊन म्हणतात. डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो प्रथम ओळखला. घराघरांत माणसे मरू लागली. लाखो लोक शहर सोडून गेले. सरकारने हाफकिन यांना मुंबईला पाठवले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई! एवढ्या बळावर ते कामाला लागले. पातळ खाद्यरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले, तर प्लेगचे जंतू त्या थेंबांना लोंबकळून भराभर वाढतात, असे त्यांना दिसून आले. असे वाढवलेले जंतू तापवून मारायचे आणि त्यांची लस करायची, ही त्यांची रीत होती.

तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी याही वेळी प्रथम स्वतःलाच ती टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील जवळजवळ निम्म्या कैद्यांनी आपणहून लस घेतली. लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ जण दगावले. लस घेतलेल्यांपैकी दोघेच आजारी पडले आणि दोघेही वाचले.

तरीही लोकांच्या मनात धाकधूक होती. अशा वेळी खोजा इस्माईली समाजाचे तरुण इमाम, सर सुलतान मुहम्मद शाह आगाखान, पुढे आले. त्यांनी सर्वांसमक्ष लस टोचून घेतली आणि आपली ‘खुशरू लॉज’ ही इमारत हाफकिन यांच्या प्रयोगशाळेसाठी दिली. ते पाहून त्यांच्या समाजातील हजारो लोकांनी लस घेतली. भीती घालवायला हुकुमापेक्षा उदाहरण अधिक कामी येते, ते असे.

प्लेग पसरतो कसा, हे मात्र तेव्हा कोणालाच नीट ठाऊक नव्हते. कोणी धान्याला दोष देई, कोणी कपड्यांना, कोणी दुर्गंधीला. १८९८ मध्ये पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत प्रयोग करून दाखवले, की उंदरांच्या अंगावरील पिसू प्लेग पसरवते. पिसवेच्या पोटात जंतू इतके वाढतात की त्यांचा बोळा होऊन वाटच बंद होते. भुकेलेली पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि प्यालेले रक्त जंतूंसह जखमेत ओकते. तेथून जंतू जांघेत किंवा काखेत जातात आणि तेथे मोठी, दुखरी गाठ येते. ज्या पांढऱ्या पेशींनी जंतूंना गिळायचे, त्यांनाही हे जंतू चकवतात. मग ते रक्तात उतरतात. फुप्फुसांत पोहोचले तर रोग्याच्या खोकल्यातून उडणाऱ्या थेंबांबरोबर ते थेट दुसऱ्याच्या श्वासात शिरतात. तेव्हा त्यांना उंदीरही लागत नाही आणि पिसूही लागत नाही.

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. हाफकिन तिचे प्रमुख झाले. तेथून लसीच्या बाटल्या गावोगावी जाऊ लागल्या. सारे काही सुरळीत चालले होते आणि अचानक घात झाला.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबमधील मुल्कोवाल या गावात १०७ जणांना प्लेगची लस टोचण्यात आली. हे गाव आता पाकिस्तानात आहे. पाच बाटल्या वापरल्या होत्या. त्यांपैकी एका बाटलीतून ज्या १९ जणांना लस टोचली, त्या सर्वांना आठवडाभराने धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले.

धनुर्वाताचे जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात राहतात. ते आपल्याभोवती कठीण कवच करून वर्षानुवर्षे निपचित पडून राहू शकतात. खोल जखमेत, जेथे हवा पोहोचत नाही, तेथे ते जागे होतात आणि विष सोडतात. हे विष मज्जातंतूंवाटे मज्जारज्जूपर्यंत चढते. मग स्नायू आखडतात, जबडा मिटतो, शरीर धनुष्यासारखे वाकते. मात्र हा रोग एका माणसापासून दुसऱ्याला होत नाही. मातीतून जखमेत, एवढीच त्याची वाट. मग तो लसीच्या बाटलीत आला कोठून?

चौकशी झाली. बाटली मुंबईतच दूषित झाली असावी, असे ठरवून दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर ठेवण्यात आला. त्यांना कामावरून दूर करण्यात आले. १९०४ मध्ये त्यांनी हिंदुस्थान सोडला. ज्याने स्वतःच्या शरीरावर प्रयोग करून लाखो लोकांसाठी लस बनवली, त्याच्याकडे आता जग संशयाने पाहू लागले.

पण हाफकिन यांनी सत्याचा पाठपुरावा सोडला नाही. कागदपत्रे पुन्हा तपासली गेली. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा जंतुरहित न करताच बुचाला लावला गेला होता, ही गोष्ट पुढे आली. शिवाय धनुर्वाताचे जंतू बाटलीत आधीपासून वाढत असते, तर बाटली उघडताच घाण वास आला असता. तसा वास आल्याची नोंद नव्हती. हिवतापाचे संशोधक सर रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये हाफकिन यांची बाजू जाहीरपणे मांडली. त्याच वर्षी ते निर्दोष ठरले. मुलांनो, १९ कुटुंबांचे दुःख त्याने भरून आले नाही. पण जमिनीवर पडलेल्या एका चिमट्याची उपेक्षा किती महाग पडते, हे साऱ्या वैद्यकीय जगाला कळले.

हाफकिन पुन्हा भारतात आले. मुंबईत जागा नव्हती, म्हणून त्यांनी कोलकात्यात काम केले. निवृत्तीनंतर ते युरोपात परतले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. आज ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

हाफकिन यांच्या लसीने प्रत्येकाचे पूर्ण रक्षण होत नसे. आज प्लेगवर प्रतिजैविक औषधे आहेत, पटकीच्या रोग्याला मीठ-साखरेचे पाणी देऊन वाचवता येते आणि धनुर्वाताची लस बाळांनाही टोचतात. तरी एक गोष्ट बदललेली नाही. प्रत्येक रोगजंतूची येण्याची वाट ठरलेली असते. पटकीची वाट पाण्यातून, प्लेगची उंदीर, पिसू आणि श्वासातून, धनुर्वाताची मातीतून जखमेत. तुम्ही पाणी उकळून पिता, हात साबणाने धुता, घरात उंदीर होऊ देत नाही, खिळा लागताच जखम धुऊन दवाखान्यात जाता, तेव्हा त्यांपैकी एखादी वाट तुम्ही बंद करत असता. हाफकिन यांनी आयुष्यभर हेच काम केले. त्यातले आपल्या वाट्याचे काम आपण रोज करू शकतो.