मोल्सवर्थ आणि माझा ‘ळ’

आमच्या ई-अंकासाठी बेळगाव-निपाणी भागातल्या शब्दांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. शब्द एका फाईलमध्ये भरायचे. एक छोटी स्क्रिप्ट ते अकारविल्हे लावून कोडमधला ॲरे तयार करते. पहिल्याच वेळी कुळीथ कुस्तीच्या आधी आला आणि क्षण ‘क’मध्ये जाऊन बसला. मी तयार ॲरेत हातानेच जागा बदलल्या. दुसऱ्या दिवशी नवे शब्द घालून स्क्रिप्ट चालवली, तर सगळं पुन्हा पहिल्यासारखं! वैतागून मोल्सवर्थचा कोश उघडला, आणि शब्दांऐवजी त्या माणसाबद्दलच वाचत बसले.

जेम्स थॉमस मोल्सवर्थ यांचा जन्म 1795 चा. कोवळ्या वयात ते कंपनी सरकारच्या लष्करातून हिंदुस्थानात आले आणि मराठीत रमले. जॉर्ज आणि थॉमस हे जुळे कँडी बंधू आणि आपल्याकडचे शास्त्री यांच्या साहाय्याने त्यांनी मराठी-इंग्रजी कोश रचला. तो 1831 मध्ये निघाला. त्यात सुमारे 40,000 शब्द होते. पंडितांच्या शब्दांसोबत बाजारातले, शेतातले शब्दही त्यांनी घेतले. पुढे ते इंग्लंडला परतले. एवढं काम झाल्यावर कुणीही थांबलं असतं. पण ते पुन्हा इथे आले, आपलाच कोश तपासायला घेतला आणि 1857 मध्ये दुसरी आवृत्ती काढली. शब्द झाले सुमारे 60,000. संगणक नसताना प्रत्येक नवा शब्द त्याच्या जागी बसवायचा, म्हणजे केवढी चिकाटी!

मला माझी चूक तिथे कळली. मी छापलेल्या पानावर खाडाखोड करत होते, आवृत्ती सुधारत नव्हते. युनिकोडमध्ये ‘ळ’चा क्रमांक ‘ल’च्या लगेच पुढे आहे, आणि ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त आणि ष. स्क्रिप्ट नुसते क्रमांक बघत होती. मग मी तिलाच आपला क्रम शिकवला: ह, ळ, क्ष, ज्ञ, शेवटची दोन जोडाक्षरं एकेक अक्षर म्हणून. कन्नड माध्यमातून आलेली मैत्रीण म्हणाली, त्यांच्याकडेही ‘ळ’ ‘ह’नंतरच येतो. सीमेवर निदान एवढ्यावर तरी एकमत आहे!

मोल्सवर्थ यांनी इंग्लंडमध्येच देह ठेवला. त्यांचा कोश मात्र आजही माझ्या मोबाईलवर उघडतो. आता यादीत कुणीही शब्द घालावा. कुळीथ कुस्तीनंतरच येतो.