निजाम-उल-मुल्क : दौतीच्या बळावर तीस वर्षे

अकराव्या शतकात मध्य आशियापासून भूमध्य समुद्रापर्यंत पसरलेल्या सेल्जुक साम्राज्याचे सुलतान तुर्क होते. राज्यकारभार मात्र जवळजवळ तीस वर्षे एका इराणी वजिराच्या हाती होता. अबू अली हसन तूसी हे त्याचे नाव; इतिहासात तो निजाम-उल-मुल्क या किताबाने ओळखला जातो. हाच किताब पुढे दख्खनमध्येही रूढ झाला आणि अहमदनगरच्या निजामशाहीला त्यातूनच नाव मिळाले.

खोरासानातील तूस शहराजवळ १०१८ मध्ये त्याचा जन्म झाला. वडील गझनवी राजवटीत महसूल अधिकारी होते. १०४० मध्ये सेल्जुकांनी गझनवींचा पराभव केला आणि काही वर्षांनी हसनने विजेत्यांची चाकरी पत्करली. अल्प अर्सलान सुलतान होताच तो मुख्य वजीर झाला. त्याच्या आधीचा वजीर कुंदुरी पदच्युत होऊन मारला गेला. तो डाग निजामाच्या कीर्तीवर कायम राहिला.

घोड्यावर वाढलेल्या टोळ्यांचे राज्य कागदावर चालवायचे, हे त्याच्यापुढचे खरे काम होते. लष्करी सरदारांना वेतनाऐवजी जमिनीचा महसूल तोडून देण्याच्या पद्धतीला त्याने शिस्त लावली. बगदाद, निशापूर आदी शहरांत ‘निजामिया’ विद्यापीठे उभारली. तेथे विद्यार्थ्यांना राहण्याची सोय व वेतन मिळे. बगदादची निजामिया १०६७ मध्ये सुरू झाली आणि १०९१ मध्ये विख्यात तत्त्वज्ञ गझाली तेथे अध्यापक झाले.

१०७२ मध्ये अल्प अर्सलानची हत्या झाली. गादीवर आलेला मलिकशाह जेमतेम अठरा वर्षांचा होता. साहजिकच सारी सत्ता वजिराकडे एकवटली. मुलगे, नातू, जावई मोक्याच्या जागांवर बसले. राज्यकारभारावर ‘सियासतनामा’ लिहून अधिकाऱ्यांच्या मनमानीपासून राजाला सावध करणाऱ्या या माणसाला आपल्या घरातील मनमानी फारशी खुपली नाही.

सुलतान मोठा झाला, तसा दुरावा वाढला. वारसाच्या प्रश्नावरून राणी तेरकेन खातून आणि तिचा विश्वासू ताज-उल-मुल्क वजिराच्या विरोधात गेले. तू राज्यात भागीदार आहेस काय, असे सुलतानाने विचारले, तेव्हा आपली दौत आणि सुलतानाचा मुकुट एकमेकांवर अवलंबून आहेत, असे वृद्ध वजिराने कळवले, असे इतिहासकार नोंदवतात.

ऑक्टोबर १०९२ मध्ये नहावंदजवळ सूफी वेशातील मारेकऱ्याने त्याला भोसकले. मारेकरी आलमूतच्या हसन सब्बाहच्या इस्माइली पंथाचा मानला जातो. सुलतानाच्या दरबारावरही संशय घेतला गेला. निजाम, सब्बाह आणि उमर खय्याम बालमित्र असल्याची लोकप्रिय कथा मात्र वयातील मोठ्या अंतरामुळे टिकत नाही.

साधारण महिनाभरानंतर मलिकशाहही मरण पावला. राजपुत्रांत यादवी पेटली, आणि १०९३ मध्ये निजामाच्या पदरच्या सैनिकांनी ताज-उल-मुल्कला ठार केले.