न गंजणाऱ्या सुरीचा जनक आणि समुद्राचे मीठ : हॅरी ब्रिअर्ली

१४ जुलै १९४८ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की या गावी हॅरी ब्रिअर्ली यांचे निधन झाले. जगाला न गंजणारी सुरी देणाऱ्या या धातुशास्त्रज्ञाचा शेवट समुद्राकाठी व्हावा, हा योगायोग विलक्षण म्हणावा लागेल. कारण ज्या पोलादाने त्यांना कीर्ती मिळवून दिली, त्याची खरी परीक्षा घेतो तो समुद्रच.

ब्रिअर्ली यांचा जन्म १८ फेब्रुवारी १८७१ रोजी शेफील्डमध्ये झाला. वडील पोलाद वितळवणाऱ्या भट्टीवर कामगार होते. घरची परिस्थिती हलाखीची, त्यामुळे बाराव्या वर्षी शाळा सुटली. थॉमस फर्थ अँड सन्स या कारखान्याच्या रसायनशाळेत बाटल्या धुण्याचे काम त्यांना मिळाले. तिथेच, कामाच्या जोडीने अभ्यास करत, ते पोलादाचे विश्लेषण शिकले. पुढे काही वर्षे रशियन साम्राज्यातील रीगा येथील कारखान्यात काम करून ते मायदेशी परतले आणि फर्थ व जॉन ब्राऊन या दोन कंपन्यांनी मिळून उभारलेल्या संशोधनशाळेचे प्रमुख झाले.

१९१२ मध्ये त्यांच्यापुढे आलेला प्रश्न सुरीचा नव्हता, बंदुकीचा होता. गोळीबाराच्या उष्णतेने नळ्या आतून झिजत. क्रोमियमचे प्रमाण वाढवले तर झीज कमी होईल, या अपेक्षेने त्यांनी निरनिराळी मिश्रणे ओतून पाहिली. ऑगस्ट १९१३ मधील एका ओतणीत १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कार्बन होता. पोलादाची कणरचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची तर त्याचा पृष्ठभाग आधी आम्लाने कोरावा लागतो. हे पोलाद मात्र कोरले जाईना. व्हिनेगर आणि लिंबाचा रसही त्यावर निष्प्रभ ठरला. दुसऱ्या कोणी हा प्रयोगातला अडथळा मानला असता. शेफील्ड हे सुऱ्या-कात्र्यांचे शहर, आणि ब्रिअर्ली त्याच मातीतले. त्यांना त्यात जेवणाच्या टेबलावरची सुरी दिसली.

कारागिरांना ती दिसली नाही. नव्या पोलादाला पाणी देण्यासाठी साध्या पोलादापेक्षा बरेच अधिक तापमान लागते. जुन्या सवयीने तापवलेली पाती मऊ राहिली आणि न कापणाऱ्या सुऱ्यांचा शोधक अशी ब्रिअर्ली यांची थट्टा झाली. अखेर आर. एफ. मोझले यांच्या कारखान्यातील अर्नेस्ट स्टुअर्ट यांनी चिकाटी धरली. सुरुवातीचे प्रयत्न फसले, पण शेवटी पाते साधले. ‘स्टेनलेस’ हे नावही स्टुअर्ट यांनीच सुचवले.

यशापाठोपाठ वाद आला. पेटंट आणि श्रेय यांवरून मालकांशी मतभेद होऊन १९१५ मध्ये ब्रिअर्ली यांनी फर्थ सोडले. अमेरिकेत एलवूड हेन्स यांनीही अशाच पोलादावर हक्क सांगितला होता. कोर्टकचेरीत वर्षे घालवण्याऐवजी दोन्ही बाजूंनी हातमिळवणी केली. १९२० मध्ये ब्रिअर्ली यांना बेसेमर सुवर्णपदक मिळाले.

समुद्राचा प्रश्न मात्र एवढ्याने सुटला नाही. क्रोमियम हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून पोलादावर अतिशय पातळ पापुद्रा तयार करतो आणि तोच गंज रोखतो. खाऱ्या पाण्यातील क्लोराइड नेमका हा पापुद्रा जागोजाग भेदते आणि पात्यावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. त्यात आणखी एक पेच आहे. धार टिकण्यासाठी कार्बन वाढवावा, तर तो क्रोमियमला स्वतःशी बांधून घेतो आणि पापुद्र्यासाठी मोकळा क्रोमियम कमी उरतो. म्हणूनच ४४०सी या पोलादात १६ ते १८ टक्के क्रोमियम असला, तरी सुमारे एक टक्का कार्बनामुळे ते खाऱ्या पाण्यात डागाळू शकते.

संशोधनशाळेतील ब्रिअर्ली यांचे उत्तराधिकारी डब्ल्यू. एच. हॅटफील्ड यांनी १९२४ मध्ये १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलचे पोलाद पुढे आणले. ते खाऱ्या हवेत अधिक तग धरते, पण पाणी देऊन कठीण होत नाही. त्यामुळे त्याची भांडी उत्तम होतात, धारदार पाती नाहीत.

आज नावेवर किंवा पाणबुड्याच्या कमरेला असणाऱ्या सुरीसाठी निवड याच पेचातून करावी लागते. ब्रिअर्ली यांच्या पोलादाचे थेट वंशज असलेले ४२० कमी कार्बनाचे आहे. त्याची धार लवकर जाते, पण ते पाजवायला सोपे आणि गंजाला बऱ्यापैकी दाद न देणारे. एच-१ आणि एलसी२००एन या अलीकडच्या पोलादांत कार्बन कमी ठेवून नायट्रोजनचा आधार घेतला आहे. नायट्रोजन काठिण्य वाढवतो, पण कार्बनाइतका क्रोमियम अडवत नाही. रोज खाऱ्या पाण्यात भिजणाऱ्या सुरीसाठी ती सर्वांत निर्धास्त. दोर आणि मासे दिवसभर कापायचे, पण काम संपताच पाते गोड्या पाण्याने धुऊन पुसायचे, अशी शिस्त असेल, तर ४४०सीही चालते.

कामगार वस्तीतून आलेल्या ब्रिअर्ली यांनी १९४१ मध्ये लोककल्याणासाठी फ्रेशगेट न्यास स्थापन केला. त्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्रही प्रसिद्ध झाले. पोलाद नुसत्या घटकांच्या आकड्यांवरून ओळखता येत नाही, ते कोणी, किती तापवले आणि कशासाठी वापरले, यावर त्याचा गुण ठरतो, हे त्यांना त्या फसलेल्या पात्यांनी शिकवले होते. सुरीवर कोरलेला ‘स्टेनलेस’ हा शब्द वाचताना तेवढे लक्षात ठेवावे.