कार्ल लँडस्टायनर

कार्ल लँडस्टायनर (१४ जून १८६८ – २६ जून १९४३) हे ऑस्ट्रियात जन्मलेले अमेरिकन वैद्यक शास्त्रज्ञ होते. मानवी रक्तगटांच्या शोधासाठी त्यांना १९३० चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रतिपिंडांच्या विशिष्टतेवरील त्यांचे संशोधन तितकेच, किंबहुना अधिक मूलगामी आहे. सर्वसामान्य वाचकाला मात्र ते फारसे ठाऊक नसते.

जीवन

लँडस्टायनर यांचा जन्म व्हिएन्नाजवळ बाडेन येथे झाला. वडील लिओपोल्ड हे नामांकित पत्रकार होते. कार्ल सहा वर्षांचे असताना त्यांचे निधन झाले व आई फॅनी यांनी मुलाला वाढविले. १८९१ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेतल्यावर लँडस्टायनर रुग्णसेवेकडे वळले नाहीत. काही वर्षे त्यांनी झुरिक, वुर्झबुर्ग व म्युनिक येथे रसायनशास्त्राचे शिक्षण घेतले. वुर्झबुर्गला एमिल फिशर हे त्यांचे गुरू होते. वैद्याने रसायनशास्त्रात खर्च केलेली ही वर्षे पुढे त्यांच्या साऱ्या संशोधनाचा पाया ठरली.

१८९८ ते १९०८ या काळात ते व्हिएन्नाच्या विकृतिशास्त्र संस्थेत साहाय्यक होते. तेथे त्यांनी ३,६०० हून अधिक शवविच्छेदने केली आणि त्याच दहा वर्षांत सुमारे ७५ शोधनिबंध प्रसिद्ध केले.

रक्तगट

१९०० मध्ये एका निबंधाच्या तळटीपेत त्यांनी नोंदविले की, एका निरोगी माणसाचा रक्तरस दुसऱ्या निरोगी माणसाच्या तांबड्या पेशींचे गोळे बनवू शकतो. अशा गुठळ्या आजारामुळे होतात, असा तेव्हाचा समज होता. लँडस्टायनर यांनी स्वतःचे व सहकाऱ्यांचे रक्त घेऊन प्रत्येकाचा रक्तरस प्रत्येकाच्या पेशींशी मिसळून पाहिला आणि निष्कर्ष तक्त्यांत मांडले. १९०१ च्या निबंधात त्यांनी ए, बी व सी (आजचा ओ) असे तीन गट दाखविले. चौथा, एबी हा गट १९०२ मध्ये देकास्तेलो व श्तुर्ली या त्यांच्या सहकाऱ्यांना आढळला. पेशींवर जो प्रतिजन नसतो, त्याविरुद्धचे प्रतिपिंड रक्तरसात असतात, हा नियम लँडस्टायनर यांच्या नावाने ओळखला जातो.

रक्त देण्याचे परिणाम कधी चांगले तर कधी घातक का होतात, याचा उलगडा यातून होऊ शकेल, हे त्यांनी त्याच निबंधात सुचविले होते. तरीही रुग्णालयांनी त्याची दखल सावकाशच घेतली. न्यूयॉर्कचे रूबेन ऑटेनबर्ग यांनी १९०७ मध्ये रक्त देण्यापूर्वी ते जुळवून पाहण्यास आरंभ केला. यान्स्की (१९०७) व मॉस (१९१०) यांनी चार गटांना रोमन आकडे दिले. पण एकाचा पहिला गट तो दुसऱ्याचा चौथा, असा घोळ झाला. शोध आणि नोबेल पारितोषिक यांत जवळजवळ तीस वर्षे गेली.

मुंबईत १९५२ मध्ये डॉ. भेंडे व सहकाऱ्यांनी बॉम्बे रक्तगट नोंदविला. या व्यक्तींच्या पेशींवर एच हा मूळ प्रतिजनच नसतो. त्यामुळे त्यांचा रक्तरस ओ गटाच्या पेशींचेही गोळे बनवितो. लँडस्टायनर यांच्या नियमाचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

प्रतिपिंडांची विशिष्टता

पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नात उपासमार व दारिद्र्य पसरले होते. १९१९ मध्ये लँडस्टायनर कुटुंबासह हेग येथे गेले. तेथील एका लहान रुग्णालयात नित्याच्या तपासण्या सांभाळून त्यांनी बारा निबंध लिहिले. १९२३ पासून ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत होते.

साधे रासायनिक रेणू एकटे टोचले तर शरीर त्यांविरुद्ध प्रतिपिंड तयार करीत नाही. प्रथिनाला जोडून टोचले तर करते. अशा रेणूंना त्यांनी हॅप्टेन हे नाव दिले. बेंझीनच्या कड्यावरील आम्लगटाची जागा बदलली तरी प्रतिपिंडांना तो फरक ओळखता येतो, हे त्यांनी दाखविले. टार्टारिक आम्लाची परस्परांची आरशातील प्रतिबिंबे असलेली रूपेही प्रतिपिंडे वेगळी ओळखतात. निसर्गात कधीच नसलेल्या पदार्थासाठीही शरीर नेमके प्रतिपिंड बनविते, तर मग ती क्षमता येते कोठून? पॉल एरलिख यांच्या सिद्धांताला हा प्रश्न पेलवेना. प्रतिजनाच्या साच्यावर प्रतिपिंड घडते असे सांगणारे सिद्धांत आणि त्यानंतरचा बर्नेट यांचा कृंतक निवडीचा सिद्धांत (१९५७), या सर्वांना याच प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे होते. रक्तगटांपेक्षा हे काम लँडस्टायनर यांना स्वतःला अधिक महत्त्वाचे वाटे.

ग्रंथसंपदा व प्रभाव

त्यांच्या नावावर सुमारे साडेतीनशे शोधनिबंध आहेत. पोलिओचा रोग माकडांत संक्रमित करण्याचा प्रयोग (एर्विन पॉपर यांच्यासह, १९०८), एम, एन व पी हे रक्तघटक (फिलिप लेव्हिन यांच्यासह, १९२७) आणि आरएच घटक (अलेक्झांडर वीनर यांच्यासह, १९४०) ही त्यांतील ठळक कामे.

एखाद्या निबंधाचा उल्लेख इतरांनी किती वेळा केला, यावरून आज संशोधनाचे वजन ठरविले जाते. अशी मोजणी १९६० च्या दशकात रूढ झाली. १९०१ च्या निबंधाला ती माप म्हणून अपुरी पडते. कारण रक्तपेढीतील प्रत्येक पिशवीवर गट लिहिला जातो, पण तेथे मूळ निबंधाचा संदर्भ कोणी देत नाही. हॅप्टेन या शब्दाचेही तसेच झाले आहे.

रक्तरसातील प्रतिक्रियांच्या विशिष्टतेवरील त्यांचा ग्रंथ १९३३ मध्ये जर्मन भाषेत व १९३६ मध्ये इंग्रजीत निघाला. १९३९ मध्ये निवृत्त झाल्यावरही ते प्रयोगशाळेत येत राहिले. २४ जून १९४३ रोजी हातात पिपेट असतानाच त्यांना हृदयविकाराचा झटका आला व दोन दिवसांनी त्यांचे निधन झाले. या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीचे काम ते अखेरपर्यंत करीत होते. ती १९४५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात लायनस पॉलिंग यांनी लिहिलेले एक प्रकरण आहे.