टीव्हीचा शोध नेमका कुणाचा? पेटंट ऑफिसात एका थरावरून लागलेला निकाल

ज्या स्क्रीनवर तुम्ही हे वाचताय ती दिसायला एकसंध काच आहे. पण सोलायला घेतली तर आत थरावर थर निघतात. अशा स्क्रीनचं पेटंट मागायला गेलं, की परीक्षक प्रत्येक थराची चौकशी करतो. हा थर कशाचा आहे? तो काय काम करतो? आणि हे सगळं तुम्ही अर्ज दिला त्या दिवशी अर्जात लिहिलं होतं, की नंतर सुचलं म्हणून घातलं?

यातला शेवटचा प्रश्न कारकुनी वाटतो. पण त्याच प्रश्नावर २० व्या शतकातलं एक मोठं भांडण निकाली निघालं. भांडण टीव्हीच्या शोधाचं होतं. एका बाजूला आरसीए, म्हणजे रेडिओच्या धंद्यावर राज्य करणारी अमेरिकन कंपनी. दुसऱ्या बाजूला आयडाहोतल्या एका शेतकऱ्याचा मुलगा, फायलो टेलर फार्न्सवर्थ.

फायलोचा जन्म १९ ऑगस्ट १९०६ चा, अमेरिकेतल्या युटा राज्यात, बीव्हर गावाजवळच्या लाकडी ओंडक्यांच्या घरातला. तो लहान असतानाच कुटुंब आयडाहोतल्या रिग्बी भागात शेतीवर राहायला गेलं. तिथे विजेसाठी जनरेटर होता आणि माळ्यावर विज्ञानाच्या जुन्या मासिकांचा ढीग. पोराला दोन्हींचं वेड लागलं. घरच्या जनरेटरमध्ये बिघाड झाला की दुरुस्ती त्याच्याकडेच यायची. मोटारगाडी चोरीला जाऊ नये म्हणून त्याने एक चुंबकीय कुलूप सुचवलं आणि मासिकाच्या स्पर्धेत २५ डॉलरचं बक्षीसही मिळवलं.

त्या काळात चित्र दूरवर पाठवायचे प्रयोग सुरू होते, पण ते फिरत्या चकतीवर. जर्मनीच्या पॉल निपकोवने १८८४ मध्ये भोकांच्या चकतीची कल्पना मांडली होती आणि पुढे १९२६ मध्ये जॉन लोगी बेअर्डने लंडनमध्ये तसल्याच यंत्राने चित्र दाखवलं. अडचण अशी की चकती कितीही जोरात फिरवली तरी तिला मर्यादा आहेच. फायलोला वाटलं, फिरणारा भाग हवाच कशाला? हे काम इलेक्ट्रॉनकडून करून घेता येईल.

कसं, ते त्याला शेतात सुचलं अशी गोष्ट सांगतात. १४ वर्षांचा फायलो घोडे जुंपून बटाट्याचं शेत नांगरत होता. एक सरी संपली की वळायचं, दुसरी धरायची. अख्खं शेत असं ओळीओळीनेच नांगरून होतं. मग चित्रही तसंच ओळीओळीने वाचलं तर? १९२२ मध्ये त्याने ही कल्पना रसायनशास्त्राचे शिक्षक जस्टिन टॉलमन यांना आकृती काढून समजावली. ही आकृती लक्षात ठेवा, ती पुढे परत येणार आहे.

१९२४ मध्ये वडील न्यूमोनियाने गेले. घरची जबाबदारी अंगावर आली आणि कॉलेज अर्धवट सुटलं. पोटासाठी फायलो सॉल्ट लेक सिटीत वर्गणी गोळा करणाऱ्या एका मोहिमेत कामाला लागला. मोहीम चालवणाऱ्या जॉर्ज एव्हरसन आणि लेस्ली गोरेल यांना त्याने टीव्हीबद्दल सांगितलं. त्यांनी ६,००० डॉलर काढून दिले. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या बँकवाल्यांनी २५,००० डॉलर गुंतवले. मे १९२६ मध्ये त्याने एल्मा गार्डनर, म्हणजे पेमशी लग्न केलं आणि सॅन फ्रान्सिस्कोत २०२ ग्रीन स्ट्रीटवर प्रयोगशाळा थाटली. पेमचा भाऊ क्लिफ काचेच्या नळ्या फुंकायला शिकला.

७ जानेवारी १९२७ ला पेटंटचा अर्ज दाखल झाला. यंत्र अजून चाललेलं नव्हतं. ७ सप्टेंबर १९२७ ला ते चाललं. काळ्या केलेल्या काचेवर ओढलेली एक सरळ रेघ शेजारच्या खोलीतल्या पडद्यावर उमटली. क्लिफने काच फिरवली, तशी तिकडची रेघही फिरली. त्या वेळी फायलो २१ वर्षांचा होता.

त्याच्या कॅमेरा-नळीचं नाव इमेज डिसेक्टर. नळीत प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सोडणारा एक पृष्ठभाग असतो. त्यावर दृश्य पडलं की उजळ जागेतून जास्त आणि अंधाऱ्या जागेतून कमी इलेक्ट्रॉन निघतात. म्हणजे प्रकाशाच्या चित्राचं विजेचं चित्र होतं. हे अख्खं चित्र चुंबकाच्या जोरावर एका बारीक छिद्रासमोरून ओळीओळीने सरकवायचं. छिद्रातून एका वेळी एकच ठिपका वाचला जातो. २६ ऑगस्ट १९३० ला याचं पेटंट मिळालं, क्रमांक १७,७३,९८०.

आता दुसरी बाजू. व्लादिमिर झ्वोरिकिन मूळचा रशियातल्या मुरोमचा. सेंट पीटर्सबर्गमध्ये बोरिस रोझिंग या शास्त्रज्ञाच्या हाताखाली त्याने टीव्हीचे सुरुवातीचे प्रयोग पाहिले होते. क्रांतीनंतर तो अमेरिकेत आला, वेस्टिंगहाऊस कंपनीत लागला आणि २९ डिसेंबर १९२३ ला त्यानेही इलेक्ट्रॉनिक टीव्हीचा अर्ज दाखल केला. म्हणजे फायलोच्या तीन वर्षं आधी! तारखाच बघायच्या तर खेळ इथेच संपतो.

एप्रिल १९३० मध्ये हाच झ्वोरिकिन ग्रीन स्ट्रीटवरच्या प्रयोगशाळेत आला. फायलोच्या गुंतवणूकदारांना मोठा भागीदार हवा होता, त्यामुळे पाहुण्याला सगळं मोकळेपणाने दाखवण्यात आलं. परत गेल्यावर झ्वोरिकिनने तशी नळी बनवून पाहिली. लवकरच तो आरसीएत दाखल झाला. १९३१ मध्ये आरसीएचा प्रमुख डेव्हिड सार्नोफ स्वतः ग्रीन स्ट्रीटवर येऊन गेला. त्यानंतर १ लाख डॉलरची ऑफर आली. त्यात पेटंटं आरसीएची होणार होती आणि फायलो तिचा नोकर. फायलोने नकार दिला. त्याला शोध विकायचा नव्हता, वापरायचे पैसे घ्यायचे होते. आरसीएची रीत नेमकी उलटी होती. ती रॉयल्टी घ्यायची, द्यायची नाही.

मग १९३२ मध्ये प्रकरण पेटंट ऑफिसात गेलं.

इंटरफरन्स क्रमांक ६४,०२७

भारतात पेटंटसाठी आधी अर्ज करणाऱ्याला प्राधान्य असतं. अमेरिकेत त्या काळी, आणि थेट २०१३ पर्यंत, आधी शोध लावणाऱ्याला होतं. दोघांनी एकाच गोष्टीवर हक्क सांगितला, की पेटंट ऑफिसच कोर्टासारखं बसायचं. साक्षी व्हायच्या, वह्या तपासल्या जायच्या, उलटतपासणी चालायची. याला इंटरफरन्स म्हणत.

इथे वाद फायलोच्या पेटंटमधल्या १५ व्या दाव्यावर होता. त्याचा सोप्या भाषेतला अर्थ असा: विजेचं चित्र तयार करायचं, त्याचा प्रत्येक बारीक भाग क्रमाने वाचायचा आणि त्या भागाच्या तेजानुसार कमीजास्त विद्युत संकेत काढायचा. आरसीएचं म्हणणं होतं, हे झ्वोरिकिनच्या १९२३ च्या अर्जात आधीच आहे.

फायलोच्या बाजूने टॉलमन सर साक्षीला आले. त्यांनी ती शाळेतली आकृती आठवून काढून दाखवली. १९२२ सालचं वहीचं पानही पुढे आलं. सिनेमात शोभेल असा प्रसंग आहे आणि बहुतेक ठिकाणी गोष्ट इथेच संपवतात: मास्तरांनी कागद काढला आणि पोरगं जिंकलं. पण परीक्षकाचा निकाल त्या पानावर उभा नाही. तो उभा आहे झ्वोरिकिनच्या अर्जातल्या एका थरावर.

झ्वोरिकिनच्या कॅमेऱ्यातली पट्टी तीन थरांची होती. ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, त्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा वीज न वाहू देणारा थर आणि सर्वांत वर प्रकाशाला प्रतिसाद देणारं पोटॅशियम हायड्राइड. सगळं भांडण या वरच्या थराचं. १९२३ च्या मूळ अर्जात तो नुसता थर होता, सलग लिंपलेला. १९२५ मध्ये झ्वोरिकिनने दुरुस्ती सुचवली, की हा पदार्थ बारीक गोळ्यांच्या रूपात, एकमेकांपासून सुट्टा असेल.

एवढ्याने काय फरक पडतो? ओल्या कागदावर शाईचे ठिपके दिले तर ते पसरून एकमेकांत मिसळतात. सलग थरावर विजेचं तसंच होतं. उजळ जागेचा विद्युतभार अंधाऱ्या जागेत ओघळतो आणि चित्र टिकत नाही. गोळ्या सुट्ट्या असतील, तर प्रत्येक गोळी आपल्यापुरता भार धरून ठेवते आणि चित्र तयार होतं. म्हणजे गोळ्या हा तपशील नव्हता, तोच शोध होता.

आणि गोळ्या मूळ अर्जात नव्हत्या. नंतरच्या दुरुस्तीला जुनी तारीख लावता येत नाही. ती लावू दिली, तर कुणीही अर्धवट अर्ज टाकून ठेवील आणि दुसऱ्याचं यंत्र चाललेलं पाहून रिकाम्या जागा भरील. परीक्षकाने म्हणूनच ठरवलं, की अर्ज दाखल झाला तेव्हा त्यातल्या यंत्राने विजेचं चित्र तयार झालं असतं असं दिसत नाही, त्यामुळे या दाव्यावर झ्वोरिकिनला हक्क सांगता येणार नाही. झ्वोरिकिनने १९३१ च्या आधी अशी नळी प्रत्यक्षात चालवून दाखवली होती, हेही आरसीएला पटवता आलं नाही. निकाल फार्न्सवर्थच्या बाजूने लागला. आरसीएने अपील केलं, तिथेही तो बदलला नाही.

इथे झ्वोरिकिनला खलनायक करायचा मोह होतो, पण तो टाळलेला बरा. त्याच्या टीमने १९३० च्या दशकात तयार केलेला आयकोनोस्कोप हा खऱ्या गोळ्यांचा कॅमेरा फायलोच्या नळीपेक्षा कितीतरी संवेदनशील होता. डिसेक्टर प्रकाश साठवत नसे. ज्या क्षणी ठिपका छिद्रासमोर आला त्या क्षणापुरतंच त्याचं तेज मोजलं जाई, बाकीचं वाया. त्यामुळे स्टुडिओत प्रचंड प्रकाश लागायचा. भार साठवण्याच्या कल्पनेत हंगेरीच्या काल्मान तिहान्यीचाही वाटा आहे आणि त्याची पेटंटं आरसीएने विकत घेतली होती. झ्वोरिकिनच्या त्या १९२३ च्या अर्जाला अखेर पेटंट मिळालंही, पण २० डिसेंबर १९३८ ला. जवळपास १५ वर्षांनी!

जिंकला, पण घड्याळ चालू होतं

कागदावर फायलो जिंकला, पण त्याची किंमत मोठी होती. १९३२ मध्येच त्याचा धाकटा मुलगा केनी घशाच्या संसर्गाने गेला. तेव्हा कुटुंब फिलाडेल्फियात होतं. मुलाचं शव युटाला न्यायला पेमला रेल्वेने एकटीला जावं लागलं. खटल्यांचा खर्च, प्रयोगशाळेचा खर्च, सततचा ताण, यात फायलोला दारू जडली आणि नैराश्याने गाठलं.

एप्रिल १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात आरसीएने थाटात टीव्ही लोकांपुढे आणला. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचं भाषण प्रक्षेपित झालं. सगळीकडे नाव झालं ते आरसीएचं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मात्र आरसीएला फार्न्सवर्थच्या कंपनीशी परवान्याचा करार करावा लागला. रक्कम १० लाख डॉलर, शिवाय रॉयल्टी. घेण्याची सवय असलेल्या कंपनीला पहिल्यांदाच द्यावं लागत होतं.

पण अमेरिकेत पेटंट तेव्हा मिळाल्यापासून १७ वर्षं चालायचं. १९३० मध्ये १७ मिळवा, १९४७ येतं. त्यातली सुरुवातीची वर्षं वादात गेली. १९४१ च्या जुलैत व्यावसायिक प्रसारणाला मंजुरी मिळाली, तर त्याच डिसेंबरात अमेरिका युद्धात उतरली आणि १९४२ मध्ये टीव्ही संचांचं उत्पादन थांबलं. कारखाने रडार आणि युद्धाच्या सामानाला जुंपले गेले. युद्ध संपून घरोघरी टीव्ही जायला लागले, तेव्हा फायलोचं मूळ पेटंट संपत आलं होतं. १९४७ मध्येच मेन राज्यातलं त्याचं घर वणव्यात जळालं. १९४९ मध्ये त्याची कंपनी आयटीटीने विकत घेतली.

पुढे त्याने अणुसंमीलनावर, म्हणजे सूर्यात चालते तशी ऊर्जा छोट्या यंत्रात मिळवण्यावर काम केलं. फ्यूजर नावाचं त्याचं यंत्र आजही हौशी मंडळी घरी बनवतात. १९५७ मध्ये तो टीव्हीवर आला, ओळख लपवून ठेवलेला पाहुणा म्हणून. समोरच्या पॅनेलने प्रश्न विचारून त्याचं गुपित ओळखायचं होतं. कुणालाच ओळखता आलं नाही. बक्षीस म्हणून त्याला ८० डॉलर आणि सिगारेटचा एक कार्टन मिळाला.

११ मार्च १९७१ ला न्यूमोनियाने त्याचं निधन झालं. वय ६४. मुंबई दूरदर्शन सुरू व्हायला तेव्हा अजून दीड वर्ष होतं.

पेम २००६ पर्यंत जगली आणि नवऱ्याचं नाव टीव्हीच्या इतिहासात यावं म्हणून शेवटपर्यंत भांडत राहिली. १९९० मध्ये युटा राज्याच्या वतीने वॉशिंग्टनच्या संसद भवनाला फायलोचा पुतळा देण्यात आला. त्या पुतळ्याच्या हातात इमेज डिसेक्टरची नळी आहे.