मुलांच्या कर्करोगाशी झुंजणारे डॉ. सिडनी फार्बर



आज एखाद्या लहान मुलाला रक्ताचा कर्करोग झाल्याचे कळले, तर घरावर आभाळ कोसळते हे खरे. पण उपचार असतात आणि पुष्कळ मुले बरी होऊन पुन्हा शाळेत जातात. सुमारे ऐंशी वर्षांपूर्वी असे नव्हते. असे मूल काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत दगावत असे. ही परिस्थिती बदलण्याची सुरुवात ज्यांनी केली, त्या डॉ. सिडनी फार्बर यांची ही ओळख.

फार्बर यांचा जन्म ३० सप्टेंबर १९०३ रोजी अमेरिकेतील बफलो या शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. चौदा भावंडांत ते तिसरे. त्या काळी अमेरिकेतील नामांकित वैद्यकीय महाविद्यालये ज्यू विद्यार्थ्यांना मोजक्याच जागा देत. म्हणून फार्बर यांनी वैद्यकीचे पहिले वर्ष जर्मनीत केले, तिथे चमक दाखवली आणि मग हार्वर्डमध्ये प्रवेश मिळवला. १९२७ साली ते डॉक्टर झाले आणि १९२९ साली बोस्टनच्या बालरुग्णालयात विकृतिशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. त्यांच्या पत्नी नॉर्मा या कवयित्री होत्या. मुलांसाठीही त्यांनी पुष्कळ लिहिले.

विकृतिशास्त्रज्ञाचे काम सूक्ष्मदर्शकाखाली रोगाचा शोध घेण्याचे आणि मृत्यूनंतर शरीराची तपासणी करण्याचे. म्हणजे फार्बर यांच्याकडे ही मुले येत ती बहुधा सारे संपल्यावर. वर्षानुवर्षे हे पाहून त्यांनी ठरवले, की आता जिवंत मुलासाठी काही करायला हवे.

पहिला प्रयत्न फसला. फॉलिक अ‍ॅसिड हे जीवनसत्त्व रक्त वाढवते, म्हणून त्यासारखी द्रव्ये या मुलांना देऊन पाहिली. तर रोगाच्या पेशी उलट जोमाने वाढल्यासारख्या दिसल्या. ही चूक जिव्हारी लागणारी होती. पण फार्बर यांनी ती झाकली नाही, तिच्यातूनच विचार पुढे नेला. या जीवनसत्त्वावर रोग पोसत असेल, तर ते त्याला मिळूच द्यायचे नाही! कुलपात तशीच दिसणारी खोटी किल्ली अडकवली की खरी किल्ली आत जात नाही, तसे काम करणारे औषध हवे होते.

असे औषध तयार झाले ते एका भारतीयाच्या देखरेखीखाली. आपल्या शेजारच्या आंध्र प्रदेशातील भीमावरम् येथे १८९५ साली जन्मलेले डॉ. यल्लाप्रगड सुब्बाराव हे अमेरिकेतील लेडर्ले कंपनीत संशोधनप्रमुख होते. त्यांच्या चमूने तयार केलेले अमायनोप्टेरिन फार्बर यांनी डिसेंबर १९४७ पासून मुलांना देण्यास सुरुवात केली. जून १९४८ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला : १६ मुलांपैकी १० जणांत सुधारणा दिसली होती. दोनच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, डॉ. सुब्बाराव यांचे निधन झाले.

ही सुधारणा टिकाऊ नव्हती. काही महिन्यांनी रोग उलटे आणि मूल जाई. सहकाऱ्यांपैकी अनेकांना तर हे सारे क्रूर वाटत होते. मूल वाचणार नसेल, तर त्याला सुया टोचून आणखी छळायचे कशाला, असा त्यांचा सवाल होता. तो चुकीचाही नव्हता. फार्बर यांनी त्याला दोन प्रकारे उत्तर दिले. संशोधन थांबवले नाही, आणि मुलाचा त्रास कमी करणे हाही उपचाराचाच भाग मानला.

या कामाला पैसा हवा होता. २२ मे १९४८ रोजी एका आजारी मुलाच्या खाटेजवळून रेडिओवर कार्यक्रम झाला. मुलाचे खरे नाव झाकण्यासाठी त्याला जिमी म्हटले गेले. त्याच्या आवडत्या बेसबॉल संघाचे खेळाडू त्याला भेटायला आले. सामना पाहण्यासाठी जिमीला टीव्ही मिळावा म्हणून लोकांना मदतीचे आवाहन केले, आणि दोन लाख एकतीस हजार डॉलरहून अधिक निधी जमला! त्यातून जिमी फंड उभा राहिला आणि १९५२ साली मुलांसाठी स्वतंत्र इमारत झाली. तो जिमी, म्हणजे आयनार गुस्ताफसन, पुढे बरा झाला, मोठेपणी ट्रक चालवू लागला आणि १९९८ साली पुढे आला तेव्हा सगळे थक्क झाले. २००१ साली त्याचे निधन झाले.

या इमारतीत फार्बर यांनी जे केले, ते औषधाइतकेच मोलाचे. डॉक्टर, परिचारिका, आहारतज्ज्ञ, समाजसेविका असे सगळे एकाच छताखाली आणले. आजारी मुलाबरोबर त्याचे आईवडील आणि भावंडेही होरपळतात, हे ओळखून साऱ्या कुटुंबाची काळजी घ्यायची पद्धत घातली. ऐपत नाही म्हणून कोणाला परत पाठवले नाही. पुढे मूत्रपिंडाच्या विल्म्स गाठीवरही त्यांनी औषधाचा उपयोग करून दाखवला. १९७१ साली अमेरिकेत कर्करोगाविषयीचा कायदा झाला, त्यामागेही त्यांचा मोठा वाटा होता. ३० मार्च १९७३ रोजी आपल्या कचेरीतच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांची संस्था आज डाना-फार्बर या नावाने ओळखली जाते.

आज मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगात, चांगले उपचार मिळाल्यास, दहापैकी जवळजवळ नऊ मुले वाचतात. अमायनोप्टेरिनचेच भावंड असलेले मेथोट्रेक्झेट अजूनही त्यात वापरतात. पण उपचार दोन-अडीच वर्षे चालतात. मुंबईचे टाटा रुग्णालय असो की आपल्या हैदराबादेतील रेड हिल्सची मेहदी नवाज जंग कर्करोग संस्था, तिथे गावोगावाहून आलेल्या कुटुंबांपुढे राहायचे कुठे आणि मजुरी बुडाली तर खायचे काय हे प्रश्न असतात. त्यापायी उपचार अर्धवट सुटले, तर वाचू शकणारे मूल जाते. मुंबईत २००६ साली सुरू झालेली सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था अशा कुटुंबांना विनामूल्य निवारा देते. तिचे काम हैदराबादेतही आहे. पालकांनी व विश्वस्तांनी अशा कामाला जरूर हातभार लावावा.

आणि मुलांनो, तुमचे कामही मोठे आहे. कर्करोग स्पर्शाने पसरत नाही. उपचारांनी केस गेलेला एखादा मित्र वर्गात परत आला, तर त्याला हसू नका, त्याच्यापासून दूर सरकू नका. मात्र सर्दी-खोकला झाला असेल तर त्याच्या जवळ जाऊ नका, कारण त्याची प्रतिकारशक्ती कमी झालेली असते. एरवी त्याला शेजारी बसवून घ्या आणि बुडालेल्या अभ्यासाची वही द्या. फार्बर यांच्या त्या इमारतीतले एक काम तुम्ही तुमच्या बाकावर केलेत, असे होईल.